स्टिअरिंग रॅकचे बुश : जुन्या फोर-बाय-फोरवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे २०१० ची फॉर्च्युनर आहे. तीन लिटर डिझेल, मॅन्युअल गिअर, बाजूला हाय-लोचा छोटा दांडा. घेतली सेकंडहँडच. मागच्या उन्हाळ्यात तिचे स्टिअरिंग रॅकचे बुश घरच्या पोर्चमध्ये स्वतः बदलले आणि ही बातमी कशी कोण जाणे सगळ्या नागपुरात पसरली. आता आठवड्यातून एक तरी फोन येतो, "भाऊ, आमची गाडी पण खटखट करून राहिली." प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतो. मी मिस्त्री नाही. हात काळे करायची हौस असलेला गाडीमालक आहे, एवढं लक्षात ठेवून वाचा.

रॅक बुश म्हणजे नेमकं काय?

स्टिअरिंगचा दांडा खाली जिथे संपतो तिथे एक आडवी लांब नळी असते, तो रॅक. आत दातेरी दांडा. तुम्ही स्टिअरिंग फिरवलं की तो डावी-उजवीकडे सरकतो आणि टाय रॉडमार्फत, म्हणजे रॅकपासून चाकापर्यंत जाणाऱ्या दांड्यांमार्फत, चाकं वळवतो. ही नळी चासिसच्या, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या, आडव्या क्रॉस मेंबरवर बोल्टने बसवलेली असते, पण लोखंडावर लोखंड नाही. मध्ये रबराचा बुश असतो. रस्त्याचा बारीक दणका तुमच्या हातापर्यंत पोचू नये, हे त्याचं काम.

रबर ढिलं झालं की गंमत सुरू होते. तुम्ही स्टिअरिंग फिरवता तेव्हा आधी अख्खी नळीच उलट्या बाजूला सरकते, रबर जिथवर दबतं तिथवर. मग कुठे चाक वळायला लागतं.

बुश गेलेत हे ओळखायचं कसं?

पहिली खूण हाताला कळते. गाडी सरळ रस्त्यावर सरळ जात नाही, सारखी सांभाळत राहावी लागते. शहरात चाळीसच्या वेगाला फारसं जाणवत नाही, पण समृद्धीवर १०० च्या वर गेलात आणि बाजूने ट्रक गेला की गाडी हलके अंग काढते. दुसरी खूण कानाला. सिमेंट रोडच्या जोडांवरून जाताना पायाजवळून "टक टक" येतं. आपल्याकडे सिमेंटचे रस्ते इतके झालेत की ही तपासणी फुकटात होते. तिसरी खूण म्हणजे उभ्या गाडीत स्टिअरिंग एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला वळवताना, दिशा बदलते त्या क्षणी, एक जाड "ठक्".

खात्री मात्र गाडीखाली डोकं घातल्याशिवाय होत नाही. गाडी जॅकवर उचलू नका, चारही चाकं जमिनीवरच हवीत, कारण टायरला जमिनीचा विरोध असतो तेव्हाच बुशवर खरा जोर येतो. हँडब्रेक, गिअर न्यूट्रल, मागच्या चाकांना पुढून-मागून विटा. इंजिन सुरू, कारण हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगचा खरा जोर इंजिन चालू असतानाच लागतो. एकाने आत बसून स्टिअरिंग घड्याळातल्या अकरा ते एकच्या मधे सावकाश हलवायचं. दुसऱ्याने टॉर्च घेऊन पुढून खाली बघायचं. हात आणि शर्टाची बाही पट्ट्यांपासून आणि पंख्यापासून लांब.

माझा मुलगा आत होता आणि मी खाली चटई टाकून आडवा. मी रॅकच्या नळीवर आणि शेजारच्या क्रॉस मेंबरवर पांढऱ्या मार्करने एकच सरळ रेघ मारून ठेवली होती, दोन्हीला जोडणारी. "हलव," म्हटलं. रेघेचा रॅकवरचा अर्धा भाग डावीकडे गेला, थांबला, उजवीकडे गेला. चांगला बोटाच्या नखाएवढा. चाकं मात्र जागची हलली नव्हती. मधल्या फटीतून रबराचा काळा भुगा गळून माझ्या चष्म्यावर पडला. आणखी पुरावा काय पाहिजे?

थोडी हालचाल चालते. रबर आहे, दबणारच. मी मानतो तो निकष असा : नळी आधी सरकते आणि चाक नंतर वळतं हे डोळ्यांना वेगवेगळं दिसलं, तर बुश गेले.

दुसरं काही नसेल कशावरून?

असू शकतं, आणि बऱ्याचदा दोन-तीन गोष्टी एकत्रच असतात. पुढचं चाक उचलून नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवा. खेळ लागला तर टाय रॉड एंड (टाय रॉडचा चाकाकडचा जोड) किंवा रॅकच्या टोकाच्या रबरी बुटात लपलेला आतला बॉल जॉइंट बघा. बुटावरून हात ठेवला की आतला खटका बोटांना लागतो. बारा आणि सहाच्या जागी धरून खेळ लागला तर व्हील बेअरिंग किंवा चाक धरून ठेवणाऱ्या सस्पेन्शन आर्मचे बॉल जॉइंट. स्टिअरिंगच्या दांड्याच्या खालच्या क्रॉसमध्येही (वळणाऱ्या जोडामध्ये) खेळ होतो, तिथे दोन्ही बाजूंना बोटं ठेवून स्टिअरिंग हलवलं की समजतं. लोअर आर्मचे बुश गेले असतील तर गाडी ब्रेक मारताना एका बाजूला ओढते. रॅक बुश तसं सहसा करत नाहीत.

मी स्वतः आधी दोन्ही टाय रॉड एंड बदलून बसलो होतो. नवे एंड, नवी अलाइनमेंट, आणि गाडी पहिल्यासारखीच. ते पैसे कुठे गेले ते घरी अजून सांगितलेलं नाही.

गॅरेजवाले म्हणतात अख्खा रॅक बदलावा लागेल. खरं आहे का?

कधी कधी खरं असतं. दांडा घासला असेल, आतून तेल गळून बूट भरला असेल, किंवा बुश बसतो ती नळीवरची जागाच घासून अंडाकृती झाली असेल, तर बुश बदलून काही होणार नाही.

पण बऱ्याच वेळा ते सोपं उत्तर असतं. पुष्कळ गाड्यांमध्ये कंपनी हे बुश सुटे विकत नाही, रॅकसोबतच येतात. त्यामुळे मोठ्या गॅरेजच्या कॉम्प्युटरवर "रॅक असेंब्ली" एवढी एकच ओळ दिसते आणि काउंटरवरचा पोरगा तीच वाचून दाखवतो. त्यात त्याचा दोष नाही. मला एका ठिकाणी असाच अख्ख्या रॅकचा अंदाज मिळाला, आणि तो ऐकून मी गाडी विकायच्या विचारात होतो. मग वाडीच्या बाजूला एका जुन्या मिस्त्रीकडे गेलो. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी लांब पाना रॅकच्या नळीखाली घालून एकदा उचकलं आणि म्हणाले, "काऊन बदलवता भाऊ रॅक? रॅक तर तेल बी टाकत नाही. रबर गेलं तुमचं." तीन मिनिटं लागली असतील. पैसे विचारले तर चहा सांगा म्हणाले.

कोणी रॅक बदला म्हटलं तर एकच विचारा : "रॅकमध्ये काय गेलंय, दाखवता का?" गळणारं तेल किंवा आतला खेळ दाखवला तर बदला. नाहीतर आधी बुश.

माझी जिप्सी आहे. तिला हे बुश कुठे असतात?

नसतात. जिप्सीला रॅक नाहीच, रिसर्क्युलेटिंग बॉलचा स्टिअरिंग बॉक्स असतो. पुढे सरळ अ‍ॅक्सल, चारही बाजूंना पाटे, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. पेंच-ताडोबाच्या सफारीतल्या जिप्स्या भरकटतात तेव्हा पाट्यांचे आणि शॅकलचे बुश, किंगपिनची बेअरिंगं, ड्रॅग लिंक आणि बॉक्सचं सेटिंग बघायचं. महिंद्राच्या जुन्या एमएम ५४० जीपांचंही तेच, तिथेही बॉक्सच. हे पान रॅकवाल्या गाड्यांसाठी आहे.

बुश खराब कशाने होतात?

वय हेच मोठं कारण. रबर पंधरा वर्षांत कडक होतं, मग चिरतं. त्यात आपला उन्हाळा. मे महिन्यात सावलीत ४५ अंश म्हणजे डांबराजवळ आणि इंजिनखाली किती, ते तुम्हीच समजा.

पण मी बघितलेल्या सगळ्यात वाईट बुशचं कारण होतं तेल. वरून पॉवर स्टिअरिंगचं किंवा इंजिनचं तेल थेंब थेंब गळत राहतं आणि रबर फुगतं, मऊ पडतं, शेवटी चिकट चिखलासारखं होतं. अशी गळती न थांबवता नवे बुश टाकले तर त्यांचंही तेच होणार. तिसरं कारण आपली काळी माती. पावसाळ्यात उमरेडकडे शेतात गाडी घातली की ती क्रॉस मेंबरवर बसते आणि दिवाळीपर्यंत दगड होते. पुढे ओल धरून बोल्ट गंजवते आणि बुशच्या कडा घासते. मोठे टायर लावणाऱ्यांनी वेगळं दुखणं स्वतःहून विकत घेतलेलं असतं, रुंद टायरला वळवायला जास्त जोर लागतो आणि तो सगळा बुशवर येतो.

रबर घ्यावं की पीयू?

पीयू म्हणजे पॉलियुरेथेन, ते पिवळे, लाल, निळे बुश. रबरापेक्षा कडक असतात, तेलाला जास्त दाद देत नाहीत आणि स्टिअरिंग हातात एकदम चपळ लागतं. बदल्यात रस्त्याचा खडबडीतपणा थोडा जास्त हातापर्यंत येतो, आणि बसवताना सिलिकॉन ग्रीस नीट लावलं नाही तर काही महिन्यांनी कुरकुरतात.

मी पीयू टाकले. वडील पुढे बसतात, त्यांना काही फरक कळला नाही. मला पहिल्याच वळणावर कळला. गाडी मुख्यतः शहरात आणि हायवेला चालते, आणि शांतता हवी असेल, तर चांगल्या कंपनीचं रबर घ्या. खड्डे, शेत, नदीपात्र असं असेल तर पीयू. स्वस्त नकली पीयू मात्र घेऊ नका, ते कडक प्लॅस्टिकच असतं आणि तुकडे पडतात. अंगठ्याचं नख जोरात दाबा. चांगला पीयू किंचित दबतो आणि नखाची खूण पुसली जाते.

कोणती अवजारं लागतात?

पाने-सॉकेट तर आहेतच. त्याशिवाय लांब दांड्याचा ब्रेकर बार, टॉर्क रेंच, दोन दणकट जॅक स्टँड, टाय रॉड काढायचा पुलर, तारेचा ब्रश, गंज सोडवायचं तेल आणि बुश ओढायला आटे असलेला जाड रॉड, त्याला दोन नट, जाड वायसर आणि दोन मापांचे सॉकेट. चाकाखाली लाकडी ठोकळे. विटा फक्त चाक अडवायला. विटांवर गाडी उभी करून तिच्याखाली कोणीही जायचं नाही, वीट न सांगता फुटते.

काम कसं करायचं?

आदल्या रात्री बोल्टवर गंज सोडवायचं तेल मारून ठेवा. त्याच्याही आधी खालून प्रेशरने धुऊन घ्या, नाहीतर अर्धा दिवस डोळ्यात मातीच पडते.

चाकं सरळ करून स्टिअरिंग बांधून टाका. किल्ली काढून लॉक लावा आणि वरून सीटबेल्ट स्टिअरिंगमधून ओढून अडकवा. एअरबॅगच्या गाडीत हे फार महत्त्वाचं आहे. स्टिअरिंगमागे क्लॉक स्प्रिंग नावाची गुंडाळलेली वायरची पट्टी असते. खालचा जोड सोडल्यावर कोणी वर स्टिअरिंग गरागरा फिरवलं तर ती तुटते, आणि ती बुशपेक्षा कितीतरी महाग आहे. घरात लहान पोरं असतील तर गाडीची दारं लॉक करा.

गाडी पुढून उचलून चासिसखाली स्टँड लावा, चाकं काढा, खालचा दगडांपासून वाचवणारा पत्रा काढा. स्टिअरिंगचा दांडा रॅकच्या टोकाला जिथे जोडतो तिथे दोन्ही भागांवर रंगाने एक रेघ मारा. मग तो बोल्ट सोडा. टाय रॉड एंडची स्प्लिट पिन काढून नट सैल करा, पण पूर्ण काढू नका. पुलर लावा. पुलर नसेल तर नकलच्या (टाय रॉड एंड ज्यात बसतो त्या चाकाकडच्या लोखंडी भागाच्या) कानावर बाजूने हातोड्याचे दोन जोरकस ठोके द्या, सुटतं. एंडच्या आट्यांवर हातोडा मारू नका, आणि फाट्यासारखं ते ठोकायचं हत्यार वापरलंत तर रबरी बूट फाटलाच समजा.

आता रॅकचे मुख्य बोल्ट. ब्रेकर बार लागतो. माझा डावा बोल्ट लगेच निघाला. उजव्याने पाऊण तास घेतला. थोडं सोडा, थोडं परत घट्ट करा, तेल मारा, पुन्हा सोडा, असं हळूहळूच. एकदम जोर लावला आणि बोल्ट तुटला तर पुढचं काम लेथवाल्याचं. बोल्ट निघाले की पाइपांच्या क्लिपा मोकळ्या करून रॅक दोन-चार इंच पुढे-खाली घेता येतो. तेवढी जागा पुरते. रॅक पाइपांवर लटकू देऊ नका, खाली ठोकळा द्या.

जुना बुश ओढून काढायचा असा. एका बाजूला बुशपेक्षा मोठा सॉकेट ठेवायचा, म्हणजे बुश त्याच्या पोटात येईल. दुसऱ्या बाजूला बुशपेक्षा किंचित लहान सॉकेट किंवा वायसर. मधून आट्यांचा रॉड, दोन्हीकडे नट. नट आवळत गेलं की बुश सरकत बाहेर येतो. नवा बसवायलाही हेच उलट करायचं. रबराला साबणाचं पाणी लावा, ग्रीस नाही. पीयूला किटमधलं सिलिकॉन ग्रीस. पीयूचे बहुधा दोन अर्धे आणि मधे स्टीलची नळी असते. नळी शेवटी दाबा.

नवे बोल्ट मिळत असतील तर घ्या. आधी सगळे हाताने लावा, रॅक सरळ बसला का बघा, मग टॉर्क रेंचने आवळा. किती, ते तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून. "अंदाजाने फुल टाइट" हे इथे चालत नाही, स्टिअरिंग आहे. स्प्लिट पिना नव्याच टाका.

काही गाड्यांत नळीत दाबून बसवायचा बुश नसतो, नळीभोवती इंग्रजी डी आकाराचं रबर आणि त्यावर लोखंडी पट्टी असते. तुमचं तसं असेल तर नशीबवान आहात. एका वेळी एकच पट्टी काढून रबर बदला, रॅक हलवायचीही गरज पडत नाही.

बुश निघतच नाही, जाळून काढू का?

नको. यूट्यूबवर गॅसची ज्योत लावून रबर जाळतात, बघायला मजा येते. पण शेजारीच तेलाची सील आहेत, पाइप आहेत, आणि जळत्या रबराचा धूर छातीत बसतो. ड्रिलने रबराला चार भोकं पाडा, मधली नळी काढा, मग बाहेरचं पत्र्याचं कवच हॅकसॉच्या पात्याने आतून कापा. पातं रॅकच्या नळीत घुसू देऊ नका. सावकाश. काही पीयू किटमध्ये जुनं कवच ठेवायचं असतं, काहींत काढायचं, म्हणून कापायच्या आधी किटसोबतचा कागद वाचा. मी वाचला नव्हता. नशिबाने बरोबर निघालं.

पॉवर स्टिअरिंगचं तेल काढावं लागतं का?

पाइप न सोडता काम झालं तर नाही. सोडावेच लागले तर गाडीच्या पुस्तिकेत लिहिलंय तेच तेल भरा. माझ्या गाडीला लाल एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, लागतं. हवा काढताना पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग दोन्ही टोकांना सावकाश फिरवा, बुडबुडे थांबेपर्यंत तेल भरत राहा. मग इंजिन सुरू. शेवटच्या टोकाला स्टिअरिंग दाबून धरू नका, पंप ओरडतो.

नंतर व्हील अलाइनमेंट लागेल का?

टाय रॉडचा लॉक नट हलवला नसेल तर दोन चाकांमधलं माप बदलत नाही. पण नव्या बुशमध्ये रॅक किंचित बाजूला बसला असेल, तर दोन्ही चाकं एकाच दिशेला तेवढीच सरकतात आणि सरळ जाताना स्टिअरिंग तिरकं दिसतं. म्हणून करूनच घ्या. स्टिअरिंग मधोमध ठेवून करा असं आवर्जून सांगा. तिरकेपणा खूप असेल तर तुमची रेघ चुकली, म्हणजे जोड एक दात पुढे-मागे बसलाय. तो खाली जाऊनच दुरुस्त करायचा. वर स्टिअरिंग उपटून सरळ लावलंत तर क्लॉक स्प्रिंगचा मध्य चुकतो.

किती वेळ लागतो? आणि उन्हाळ्यात केलं तर?

मला दोन दिवस लागले. त्यात पहिला दिवस अर्ध्यावर सोडला, कारण अकरा वाजता पोर्चचा पत्रा इतका तापला की पाना हातात धरवेना. सकाळी साडेपाचला सुरू करा आणि नऊ वाजता तर्री पोह्यांना उठा. डिसेंबरात करता आलं तर उत्तमच. चाचांसारखा माणूस अर्ध्या दिवसात करून देतो, पण त्याला वेळ असेल तेव्हा.

असंच चालवलं तर काय होईल?

लगेच काही तुटून पडत नाही. पण बुश पूर्ण गेला की लोखंड लोखंडावर घासतं, बसायची जागा अंडाकृती होते आणि मग खरोखरच रॅक घ्यावा लागतो. टायरही वाकडे खातात. शहरात महिनाभर सांभाळून काढता येईल, १२० च्या वेगाच्या रस्त्यावर अशी गाडी घेऊन कुटुंबासोबत जाऊ नका.

नंतर पुन्हा काही तपासायचं असतं का?

पाचशे किलोमीटरनंतर रॅकचे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा बघा. गाडी उचलावी लागत नाही, चटई टाकून खाली गेलं की हात पोचतो. बोल्ट घट्ट केल्यावर त्याच्या डोक्यावर आणि चासिसवर मिळून रंगाची एक रेघ मारून ठेवली तर पुढच्या वेळी नुसतं टॉर्चने बघून कळतं, हलला की नाही. माझा उजवा, ज्याने पाऊण तास घेतला तोच, पाव फेरा आवळला. डावा जागचा हलला नव्हता.